गरोदरपणात प्रतिकारशक्ती खरेच 'झोपते' का? सायटोकाइन्सचे काम काय, आणि त्यांच्या चाचणीवर पैसे घालावेत का?

'दिवस गेलेत, आता प्रतिकारशक्ती कमी होणार, जपून राहा.' गरोदर बाईला हे वाक्य ऐकवणारे घरात कोणीतरी असतेच. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर महिलांना आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असल्याचे जगभर दिसले होते. पण म्हणून नऊ महिने प्रतिकारशक्ती झोपी जाते, हा अर्थ काढणे चूक. ती जागीच असते, तिचे काम मात्र महिन्यागणिक बदलते. आणि हे काम ज्या निरोपांवर चालते, ते निरोप म्हणजे सायटोकाइन्स.

हा विषय एरवी वैद्यकीय पुस्तकातच राहिला असता. पण वंध्यत्वावर किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपातावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या फायलींत आता 'टीएच-१/टीएच-२ रेशो', 'एनके सेल काउंट', 'टीएनएफ-अल्फा' अशा चाचण्यांचे कागद दिसू लागले आहेत. त्यांच्यामागोमाग महागडी इंजेक्शने आणि सलाइनही येतात. त्यामुळे हे रेणू काय आहेत आणि त्यांच्याबद्दल विज्ञानाला नेमके किती कळले आहे, हे समजून घेणे खिशाच्या दृष्टीनेही गरजेचे झाले आहे.

सायटोकाइन म्हणजे नेमके काय?

सायटोकाइन्स ही छोटी प्रथिने. एक पेशी ती सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांच्यासाठी खास जागा असते, तिथे ती बसतात आणि त्या पेशीचे वागणे बदलते. 'इकडे या', 'वाढा', 'थांबा', 'जंतू आलाय' असे हे निरोप. कोविडच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घरोघरी पोहोचला, त्यामुळे सायटोकाइन म्हणजे काहीतरी घातक, अशी आपली समजूत झाली. प्रत्यक्षात ताप येणे, जखम भरणे, लशीचा परिणाम होणे, सगळे याच निरोपांवर चालते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, हे निरोप बहुधा शेजारच्या शेजारी दिले जातात. गर्भाशयाच्या अस्तरातली पेशी आपल्या आसपासच्या पेशींशी बोलते. हातातून काढलेल्या रक्तात त्या बोलण्याचा फार थोडा अंश उतरतो. दुसरी, यांचे प्रमाण पिकोग्रामच्या हिशेबात मोजतात. एक पिकोग्राम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आणि यातले अनेक रेणू रक्तात काही मिनिटांत निम्मे होतात. ज्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गोंगाटातून बारीक सिग्नल वेगळा काढायचा प्रयत्न केला असेल, त्यांना अडचण लगेच कळेल.

'झोपलेली प्रतिकारशक्ती' हा समज आला कुठून?

तो आजीबाईंचा नाही, एका नोबेल विजेत्याचा आहे! ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न मांडला. दुसऱ्याची त्वचा किंवा किडनी बसवली तर शरीर ती परकी म्हणून नाकारते. पोटातल्या बाळाचे निम्मे जनुक वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीरासाठी निम्मे परकेच. मग ते नऊ महिने टिकते कसे? त्यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक अशी होती, की आईची प्रतिकारशक्ती या काळात सुस्तावत असावी. मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळाले ते प्रतिकारशक्तीच्या सहनशीलतेवरील कामासाठी. त्यांचा गरोदरपणाचा प्रश्न मात्र पुढची अनेक दशके खुला राहिला.

१९९३ मध्ये कॅनडातील टॉम वेगमन आणि सहकाऱ्यांनी पुढचा सिद्धांत मांडला. प्रतिकारशक्तीच्या 'टी हेल्पर' पेशींचे दोन गट धरा. टीएच-१ गट हल्ल्याचे निरोप देतो, टीएच-२ गट तुलनेने मवाळ. गरोदरपणात पारडे टीएच-२ कडे झुकते म्हणून गर्भ टिकतो, असे त्यांचे म्हणणे. मांडणी सुटसुटीत होती, त्यामुळे ती लगेच लोकप्रिय झाली. आज चाचणीच्या कागदावर दिसणारा 'टीएच-१/टीएच-२ रेशो' तिथूनच आला आहे. अडचण एवढीच, की संशोधन त्यानंतर बरेच पुढे गेले आणि हा रेशो मागेच राहिला.

दाह वाईट असेल, तर तो सुरुवातीलाच का लागतो?

गर्भ गर्भाशयात रुजतो तेव्हा तो अक्षरशः अस्तर खणून आत शिरतो. तिथे छोटी जखम होते आणि जखम म्हटली की दाह आला. या दाहाशिवाय गर्भ रुजतच नाही. १९९२ मध्ये कॉलिन स्ट्यूअर्ट यांच्या गटाने 'एलआयएफ' नावाचे एक सायटोकाइन नसलेल्या उंदरांच्या माद्या तयार केल्या. त्यांच्यात गर्भ तयार व्हायचे, पण गर्भाशयात रुजायचे नाहीत. तेच गर्भ हे सायटोकाइन असलेल्या मादीच्या गर्भाशयात ठेवले, की रुजायचे. एका निरोपाअभावी सगळे अडले होते.

त्यानंतरचा मोठा काळ तुलनेने शांततेचा. यात 'रेग्युलेटरी टी' पेशी सांभाळकर्त्याची भूमिका घेतात. २००४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात या पेशी काढून टाकल्यावर आईच्या शरीराने गर्भ नाकारला होता. आणि अखेरीस, दिवस भरत आले की पुन्हा दाह चढतो आणि कळा सुरू होतात. दाह, शांतता, पुन्हा दाह, असा हा तीन टप्प्यांचा आराखडा गिल मोर यांच्यासारख्या संशोधकांनी मांडला. यात एकच सायटोकाइन सहाव्या दिवशी मित्र ठरू शकते आणि सहाव्या महिन्यात संकट. मग 'चांगले सायटोकाइन' आणि 'वाईट सायटोकाइन' अशी यादी करणार तरी कशी?

'नॅचरल किलर' पेशींना घाबरायचे का?

नाव ऐकून कोणीही घाबरेल. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी या 'नॅचरल किलर' म्हणजे एनके पेशी असतात. रिपोर्टवर 'किलर सेल्स वाढल्या आहेत' असे वाचून, आपल्या बाळाला आपलेच शरीर मारते आहे, असे समजून रडणाऱ्या स्त्रियांची कल्पना करा. नाव ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता.

गर्भाशयातल्या एनके पेशी रक्तातल्या एनके पेशींपेक्षा वेगळ्या प्रकारच्या असतात. मारणे हे त्यांचे मुख्य काम नाही. त्या सायटोकाइन्स आणि वाढीचे घटक सोडतात आणि गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या रुंद करायला मदत करतात. या धमन्या आधी अरुंद, भिंतीत स्नायू असलेल्या असतात. गरोदरपणात तो स्नायूंचा थर जाऊन त्यांचे सैलसर रुंद पाट होतात. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते, ते या रुंदीकरणामुळे.

केंब्रिजच्या अॅश्ली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलेली गोष्ट तर रिपोर्टची भीती उलटी करणारी आहे. आईच्या एनके पेशी आणि बाळाच्या पेशी यांच्यातली जनुकीय जोडी अशी जमली की एनके पेशींना चालना कमी मिळते, तर प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढतो. या पेशी जास्त आक्रमक झाल्या म्हणून बिघडते असे आपण समजतो, इथे त्या पुरेशा जाग्या झाल्या नाहीत म्हणून बिघडले.

प्रीएक्लॅम्पसिया : 'पित्त झालंय' म्हणून अंगावर काढू नका

धमन्यांचे रुंदीकरण अर्धवट राहिले तर वारेला रक्त कमी मिळते. तणावाखालची वार मग आईच्या रक्तात नको ते निरोप सोडू लागते. टीएनएफ, आयएल-६ सारखी दाहाची सायटोकाइन्स असतातच, पण सगळ्यांत महत्त्वाचा निघाला 'एसएफएलटी-१' हा रेणू. मूळचे भारतीय असलेले, अमेरिकेत काम करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये त्याची भूमिका उघड केली. रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारा 'पीएलजीएफ' नावाचा घटक असतो. एसएफएलटी-१ त्याला मध्येच पकडून ठेवतो, तो पोहोचायच्या जागी पोहोचतच नाही. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत आणि मेंदूवरही परिणाम होतो.

जगात २ ते ८ टक्के गरोदरपणांत हा त्रास होतो. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त येणे, ही त्याची पहिली खूण. जोरात डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, पोटात वर उजवीकडे किंवा छातीखाली दुखणे, मळमळ, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज ही पुढची. आता हीच यादी पुन्हा वाचा. डोकेदुखी, मळमळ, छातीखाली दुखणे. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, पित्त. सातव्या-आठव्या महिन्यात असे झाले तर आल्याचा तुकडा चघळत बसण्यापेक्षा त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, त्यात रक्तदाब आणि लघवीची तपासणी असते.

यावर प्रतिबंधाचा एक स्वस्त उपाय सिद्ध झाला आहे, कमी मात्रेतील अॅस्पिरिन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अॅस्प्रे' चाचणीत जास्त धोका असलेल्या महिलांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले गेले. ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्पसिया नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्या गटात ४.३ टक्के, तर अॅस्पिरिन गटात १.६ टक्के महिलांना झाला. मात्र ही गोळी सगळ्यांसाठी नाही. आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेला असणे, जुळी, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार अशा वेळी डॉक्टर ती सुरू करतात. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. म्हणून पहिल्या भेटीतच आधीच्या बाळंतपणाची फाइल दाखवणे महत्त्वाचे.

अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि चुकून वाजलेला अलार्म

कळा सुरू होण्याआधी गर्भाशयाच्या तोंडात पांढऱ्या पेशी गोळा होतात, आयएल-८, आयएल-१ बीटा ही सायटोकाइन्स वाढतात, प्रोस्टाग्लॅंडिन्स तयार होतात, तोंड मऊ पडते. ठरल्या वेळी झाले तर हे बाळंतपण. पण जंतुसंसर्गही हेच अलार्म वाजवू शकतो, तेही पाचव्या-सहाव्या महिन्यात. मुदतपूर्व प्रसूतींपैकी साधारण चारातल्या एकीमागे गर्भजलातला संसर्ग असावा, असा अंदाज आहे. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली, त्यातली ३० लाखांहून अधिक भारतात. लघवीत जळजळ होत नसतानाही लघवीची तपासणी करायला सांगतात, ती उगाच नाही. लघवीतला लपलेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

इथे एक उदाहरण मुद्दाम सांगायला हवे. हिरड्यांचा आजार असलेल्या महिलांत मुदतपूर्व प्रसूती जास्त दिसते. हिरड्यांतला दाह, त्यातून सायटोकाइन्स, त्यातून कळा, अशी साखळी कागदावर अगदी पटणारी होती. अमेरिकेत ८२३ गरोदर महिलांवर चाचणी झाली आणि २००६ मध्ये निकाल आला. उपचाराने हिरड्या सुधारल्या, मुदतपूर्व प्रसूती मात्र कमी झाल्या नाहीत. दातांची काळजी घ्याच, पण 'सायटोकाइन वाढते, म्हणून ते कमी केले की काम झाले' हे गणित किती फसवे आहे, ते यातून दिसते.

सकाळच्या उलट्यांशीही संबंध?

हो. जीडीएफ-१५ नावाचा निरोप्या रेणू आहे, पूर्वी त्याची गणना सायटोकाइन म्हणूनच व्हायची. गरोदरपणात तो मुख्यतः बाळ आणि वारेकडून येतो आणि आईच्या मेंदूत मळमळ जागी करतो. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, ज्या स्त्रियांत गरोदरपणाआधी हा रेणू कमी असतो त्यांना नंतरची वाढ जास्त सोसवत नाही. ज्यांच्यात तो आधीच भरपूर असतो, उदाहरणार्थ बीटा थॅलेसेमियाच्या रुग्ण, त्यांना उलट्या फारशा होत नाहीत. दिवसभर उलट्या करणाऱ्या बाईला 'मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस' म्हणणाऱ्यांना हा अभ्यास जरूर पाठवावा.

आधीपासून संधिवात किंवा ल्युपस असेल तर?

संधिवाताच्या अनेक स्त्रियांना गरोदरपणात बरे वाटते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत दुखणे उलटते. अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये याच निरीक्षणावर लिहिले, त्याच धाग्याने ते कॉर्टिसोनपर्यंत पोहोचले आणि १९५० मध्ये नोबेल मिळाले. ल्युपस मात्र या काळात चिघळू शकतो. त्यामुळे 'गरोदरपणात आपोआप बरे होईल' असे समजून औषधे परस्पर बंद करू नयेत.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. संधिवात किंवा आतड्याच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब, अॅडॅलिमुमॅब यांसारखी टीएनएफ हे सायटोकाइन रोखणारी इंजेक्शने दिली जातात. ती गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून बाळापर्यंत जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहू शकतात. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी देतात आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला बीसीजीनंतर क्षयाच्या लशीतल्याच जंतूंचा संसर्ग अंगभर पसरून मृत्यू आल्याची नोंद २०१० मध्ये झाली आहे. अशा बाळांना जिवंत लशी किमान ६ महिने लांबवण्याचा सल्ला दिला जातो. प्रसूतिगृहात लस देणाऱ्या नर्सला हे माहीत नसते, सांगावे लागते. ही माहिती फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

मग त्या चाचण्या करायच्या की नाही?

वारंवार गर्भपातासाठी युरोपातल्या 'एशरे' या तज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनाबाहेर, रोजच्या उपचारांत सायटोकाइनची चाचणी वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कारणे वर येऊन गेली आहेत. निरोप गर्भाशयात, नमुना दंडातून. त्यात साधी सर्दी, रात्रीचे जागरण किंवा नमुना तपासायला झालेला उशीर, एवढ्यानेही आकडे हलतात. रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयातल्या एनके पेशींचा अंदाज बांधणे म्हणजे दादरच्या गर्दीवरून महाबळेश्वरची गर्दी सांगणे.

या रिपोर्टवरून सुचवल्या जाणाऱ्या उपचारांचे काय? पतीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पत्नीला टोचण्याचा उपचार भारतातही काही ठिकाणी केला जातो. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत हा उपचार घेतलेल्या गटात यशाचे प्रमाण ३६ टक्के होते आणि नुसते सलाइन टोचलेल्या गटात ४८ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये संशोधनाची परवानगी घेतल्याशिवाय तो करण्यावर बंदी आणली. ब्रिटनमध्ये वंध्यत्व उपचारांचा नियामक अशा जोड-उपचारांना रंगांची श्रेणी देतो. इंट्रालिपिड, इम्युनोग्लोब्युलिन, स्टेरॉइड या प्रतिकारशक्तीवरच्या उपचारांपैकी एकालाही तिथे हिरवा रंग मिळालेला नाही. 'घेऊन पाहू, नुकसान तर नाही' हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण रुजण्यासाठी दाह लागतो आणि धमन्यांसाठी एनके पेशी.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये प्रतिकारशक्ती खरोखरच गर्भावर उलटते. वारंवार गर्भपात झाले असतील तर त्याच्या अँटीबॉडीची चाचणी करून घ्यावी, १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा. त्यावर अॅस्पिरिन आणि हेपॅरिन हा सर्वमान्य उपचार आहे. 'इम्यून' हा शब्द दिसला की सगळेच थोतांड समजून ही चाचणी टाळू नका.

सायटोकाइनची उपयोगी चाचणी कधीच येणार नाही, असेही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये गरोदरपणातले 'प्रतिकारशक्तीचे घड्याळ' मांडले. रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी निरोपांना कसा प्रतिसाद देतात, यावरून गरोदरपणाचा कितवा टप्पा चालू आहे, हे त्यांना ओळखता आले. एकच आकडा पाहण्याऐवजी त्यांनी शेकडो मोजमापे एकत्र आणि वेळोवेळी घेतली होती. भारतात फरीदाबादच्या 'टीएचएसटीआय' संस्थेच्या पुढाकाराने २०१५ पासून गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये 'गर्भिणी' हा प्रकल्प सुरू आहे. तिथे हजारो महिलांचे नमुने गरोदरपणाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने जपले जात आहेत आणि मुदतपूर्व प्रसूतीचा अंदाज आधी बांधता येईल का, हे तपासले जात आहे.

तोवर कोणी टीएच-१/टीएच-२ चा रिपोर्ट पुढे ठेवला, तर डॉक्टरांना एवढेच विचारा : हा आकडा वेगळा आला असता तर माझा उपचार नेमका काय बदलला असता, आणि त्या उपचाराने मूल जन्माला येण्याचे प्रमाण वाढल्याचे कोणत्या चाचणीत दिसले आहे?